वीस म्हणजे वीस

माझ्या नणंदेला गल्लीत सगळे 'बंदकर' म्हणतात. ते आमचं आडनाव नाही. सकाळी उठल्यापासून तिच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारे दोन शब्द आहेत ते. दिवा बंद कर, नळ बंद कर, फ्रीजचं दार बंद कर, आणि मी फोनवर जरा कुठे रंगात आले की नुसतंच, "बंद कर गं." लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "तुझी बहीण झोपेतही हेच म्हणते का?" तो म्हणाला, "छे! झोपेत ती स्वतःच बंद असते." असा तो. बोलण्यात त्याला हरवणारा माणूस मी पाहिला नाही.

त्याच्याबद्दल आधी सांगते. तो इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. नऊ वर्षांपूर्वी परांचीवरून पडला आणि मानेचा मणका गेला. मानेखालचं काहीही हलत नाही. हे लोकांना लगेच कळतं, दिसतंच. पण दुसरी एक गोष्ट आहे जी कुणाच्या ध्यानात येत नाही, आम्हालाही डॉक्टरांनी सांगितली तेव्हा कळली. त्याला मानेखाली घाम येत नाही. तुम्ही-आम्ही उन्हाळ्यात घामाघूम होतो, वैतागतो, पण त्या घामानंच वाचतो. तो नुसता तापत जातो. खोली थंड तर तो ठीक, खोली तापली की त्याच्या जिवाशी खेळ. "माझ्या अंगात एक जीभच तेवढी कामाला जाते," तो म्हणायचा, "आणि तिला रविवारचीही सुट्टी नाही."

आणि ताई. नवरा तिला ताई म्हणतो म्हणून मीही ताईच म्हणते. एकतीस वर्षं ती मोटरी वाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. जळलेली मोटर यायची, ही आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं मोजून भरायची. दुकानात ती एकटीच बाई. पंख्याचा नुसता आवाज ऐकून ती सांगते, याचं बेअरिंग गेलंय, त्याचा कंडेन्सर बसलाय. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणते, "वेळ नव्हता," जशी काही बसच चुकली. दुकानातून निवृत्त झाली तेव्हा हातात जे काही आलं ते तिनं सगळं गच्चीवर नेऊन ठेवलं. आठ सोलर प्लेटा, जिन्याखाली भिंतीला एक यंत्र, आणि त्याच्या खाली ओळीनं चार मोठ्या बॅटऱ्या. दिवसा प्लेटांची वीज यंत्रातून घराला, उरलेली बॅटऱ्यांत. अंधार पडला की बॅटऱ्यांतली परत घराला. भावाची खोली कधी तापू द्यायची नाही, एवढाच त्यामागचा हिशेब.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर बॅटऱ्यांत किती टक्के वीज उरलीय ते दिसतं. वीस टक्क्यांवर आलं की यंत्र आपणहून सगळं घर बंद करतं. बसवणाऱ्या माणसानं आम्हा दोघींना बटणं दाखवली होती, हा आकडा कमी-जास्त कसा करायचा तेही दाखवलं होतं. तो गेल्यावर ताई मला म्हणाली, "या आकड्याला हात लावायचा नाही. वीस म्हणजे वीस."

"का पण?"

"सांगितलं ना."

ही तिची खोड. का ते कधी सांगायची नाही. आणि माझी खोड अशी, की एकदा कुणी असं तोडून बोललं की दुसऱ्यांदा विचारायचं म्हटलं तरी माझा जीव जातो. मला वाटलं, बॅटऱ्या लवकर खराब होऊ नयेत म्हणून असेल. बाईचा स्वभावच जपून वापरणाऱ्याचा, त्यातलाच प्रकार. मी तो विषय तिथेच सोडला.

या वर्षी उन्हानं कहर केला. पाऱ्यानं सत्तेचाळीस गाठलं आणि त्याच दिवशी सकाळी अकराला वीज गेली. आधी वाटलं तासाभरात येईल. मग समोरचा व्हॅनचा ड्रायव्हर सांगत आला, वीज केंद्रात मोठं काहीतरी जळालंय, आठवडाभर नाव काढू नका. दुसऱ्या दिवसापासून फोनही लागले तर लागायचे, पण त्याआधी मी एकदा हॉस्पिटलला फोन लावून घेतला होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, इथे आणू नका. जिन्यात पेशंट झोपवलेत. जनरेटर फक्त ऑपरेशनपुरता चालवतोय. तुमच्या घरी कूलर चालतोय ना? मग तुम्ही आमच्यापेक्षा बऱ्या आहात. त्याला थंड ठेवा, बस."

थंड ठेवा. बोलायला काय जातं!

पण ताईनं ठेवलं. मानलं पाहिजे तिला. सगळ्या घराचे स्विच तिनं बंद केले आणि वर चिकटपट्टी लावली, माझ्या हाताला मुळी भरवसाच नको. कूलर फक्त त्याच्या खोलीत. आमच्या दोघींच्या वाट्याला पुठ्ठ्याचा तुकडा. फ्रीज सकाळी दहा ते चारच चालवायचा, कारण त्या वेळी प्लेटांवर ऊन भरपूर असतं. त्यात बर्फ करायचा आणि रात्री तो कूलरच्या पाण्यात टाकायचा. "दुपारचं ऊन रात्री वापरायचं," ती म्हणाली. जिन्याखाली स्टूल टाकून ती यंत्रासमोर बसून राहिली आणि दर तासाला वहीत आकडा लिहीत गेली. रात्री नऊ वाजता चौऱ्याहत्तर. दहाला सत्तर. अकराला पासष्ट. आतून नवरा ओरडायचा, "ताई, माझा निकाल काय लागला? पास का?" ती ओरडायची, "फर्स्ट क्लास! गप पडून राहा!"

दुपारी बाराला बॅटऱ्या पूर्ण भरायच्या. त्यानंतरचं ऊन वायाच जायचं. तेव्हा ताईनं दार उघडलं आणि गल्लीला सांगितलं, बारा ते दोन या, फोन चार्ज करा, थंड पाणी न्या. मला ते बिलकूल पटलं नाही. आपल्या घरात माणसाच्या जिवाचा प्रश्न आणि ही धर्मशाळा उघडून बसली! मी तोंडावर बोलले तसं. ती म्हणाली, "अगं, जे वायाच जातंय ते दिलं तर आपलं काय जातं?" दोन दिवस लोक आले, ओट्यावर फोनांची रांग लागली. नवरा खूश, त्याला बोलायला माणसं मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ धुळीनं पिवळं झालं. उष्मा तोच, उलट वाढलेला, पण उन्हाला दम नाही. ताईनं गच्चीवर जाऊन ओल्या फडक्यानं दोनदा प्लेटा पुसल्या. बाराला बॅटऱ्या एक्केचाळीसवर. म्हणाली, "आज कुणाला देता येणार नाही. सांग त्यांना नीट."

आणि नीट सांगणं मला कधी जमलंय? दारात सगळ्यांत पुढे शेजारच्या शिक्षिका होत्या, हातात दोन फोन. मी म्हणाले, "आमच्याकडे माणूस मरायला टेकलाय आणि तुम्हाला फोनची पडलीय!" बाईंचा चेहरा पडला. मागचा ड्रायव्हर वळून चालू लागला. आतून नवरा मला म्हणाला, "बाईसाहेब, मी अजून टेकलेलो नाही, तेवढी बातमी दुरुस्त करून द्या." मी दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी बॅटऱ्या अठ्ठावन्नवर थांबल्या. ताई दोन रात्री झोपली नव्हती. डोळे लाल, बोलताना शब्द अडखळत होते. मीच तिला बळेबळे आडवं केलं. झोपताना माझा हात धरून म्हणाली, "पहाटे कधीतरी वीसवर येईल आणि यंत्र बंद पडेल. घाबरायचं नाही. ओली चादर आहे, बर्फ आहे. साडेसहाला ऊन येतंय, तासा-दोन तासांचा प्रश्न आहे. बंद पडलं की मला उठव."

चारच्या सुमाराला बंद पडलं. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं आणि खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज मोठा झाला. मी थर्मामीटर लावला, एकशे एक. चादर भिजवून घातली, बर्फ काखेत ठेवला. अर्ध्या तासात एकशे दोन. तो म्हणाला, "बाईसाहेब, कूलरला सांगा, मी काही रागावलेलो नाही. परत ये म्हणावं." हसत होता, पण ओठ कोरडेठाक.

मी टॉर्च घेऊन जिन्याखाली गेले. पडद्यावर वीस. माझं डोकं फिरलं. वीस टक्के वीज आत आहे, माझा माणूस भाजतोय, आणि ती वीज आत कुलूप लावून बसलीय, कशासाठी? बॅटऱ्या दोन वर्षं जास्त टिकाव्यात म्हणून? ताईला उठवायला हवं होतं. दोन पावलांवर झोपली होती, तोंड उघडं, अगदी लहान पोरीसारखी. मला तिची दया आली, हे खरं. पण दयेखाली दुसरंही होतं, तेही सांगते. उठवलं तर ती म्हणेल, वीस म्हणजे वीस. आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी बटणं दाबली. वीसचे पाच केले. कूलर सुरू झाला, आणि मला वाटलं, बघा, एवढं सोपं होतं.

साडेपाचला सगळं पुन्हा बंद पडलं. या वेळी पडद्यासकट.

मी स्वतःला म्हटलं, हरकत नाही, तासाभरात ऊन. साडेसहाला ऊन आलं. धूळ रात्रीत बसली होती, लख्ख सूर्य, गच्चीवर प्लेटा चकाकत होत्या. मी जिन्याखाली पडद्याकडे बघत उभी. काळा. सात वाजले. काळाच. ताप एकशे चार. मग मात्र माझं धाबं दणाणलं आणि मी ताईला गदागदा हलवून उठवलं.

ताईनं बटणं दाबली, तारा हलवून पाहिल्या, बॅटऱ्यांना मीटर लावला. आणि ती मटकन खाली बसली. "ठार मेल्यात," म्हणाली. "चारही."

"पण वर ऊन आहे ना!"

"ऊन असून काय करू? यंत्राला जागं व्हायला आधी बॅटरीतली थोडी वीज लागते. ते जागं झालं तर ऊन घेईल. म्हणून तर वीस ठेवायचे असतात. वीसच्या खाली गेल्या की बॅटऱ्या एकदम ढासळतात." मग कपाळाला हात लावून स्वतःशीच बोलायला लागली. "पण वीसवर थांबायला हवं होतं ते. का नाही थांबलं? परवा मी चार्जिंगचा आकडा बदलला... चष्मा नव्हता डोळ्यांवर... मीच काहीतरी भलतं दाबलं. मीच केलं हे."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण ती तोवर उठलीही होती आणि मला ढकलत होती. "गाडीची बॅटरी बारा व्होल्टची असते. चार ओळीनं जोडल्या की आपल्याएवढ्या होतात. यंत्र जागं होईल. जा. चार बॅटऱ्या आण. धाव!"

कुणाकडे धावू? ज्यांच्या तोंडावर काल दार लावलं त्यांच्याकडेच. शिक्षिकाबाईंनी दार उघडलं, पण अर्धंच. मी अनवाणी, पदर कुठे, केस कुठे. म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीची बॅटरी द्या. माझा नवरा..." त्यांनी विचारलं, "ताप किती आहे?" मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. ड्रायव्हरनं तर माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही, व्हॅनचं बॉनेट उघडून पाना चालवायला घेतला. बाकीच्या दोन त्यानंच मागच्या गल्लीतून आणल्या. कुणाच्या ते मला आजही माहीत नाही.

यात नऊ वाजले. तोवर शिक्षिकाबाई आणि मी त्याच्यावर पाणी ओतत होतो. नळाचं पाणी चहा होईल इतकं गरम. बर्फ संपलेला. आठपर्यंत तो बोलत होता, मग असंबद्ध बोलायला लागला, परांचीवर उभा असल्यासारखा कुणाला तरी रंगाचा डबा वर पाठव म्हणत राहिला. साडेआठला गप्प झाला. नऊ वर्षांत तो जागेपणी गप्प राहिलेला मी पाहिला नव्हता. डोळे पांढरे झाले. मी त्याच्या कानाशी ओरडत होते, बोल रे, काहीतरी बोल, शिव्या दे मला, पण बोल!

ताईनं जुन्या तारा सोडवल्या, चार बॅटऱ्या ओळीनं जोडल्या. एकतीस वर्षं केसासारखी तार हाताळलेली ती बोटं जाड नटांशी झुंजत होती. पाना घसरला, ठिणगी उडाली, तिचा तळवा भाजला. तिनं त्याच हातानं पाना पुन्हा उचलला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी यंत्रानं पीप केलं, पडदा उजळला, आणि आत कूलर सुरू झाला. तेव्हा ताप एकशे सहाच्या वर होता.

तो वाचला. पाचव्या दिवशी वीज आली, हॉस्पिटलनं घेतलं, सतरा दिवस ठेवलं. पण मेंदूचा जो भाग जिभेला ताळ्यावर ठेवतो, तो तापानं भाजून निघाला होता. समजतं सगळं. आठवतं सगळं. फक्त बोलणं लडबडतं. एकेक अक्षर ओढून काढावं लागतं, आणि ते येईपर्यंत समोरचा माणूस तोंडावर समजूतदारपणा आणून बसलेला असतो. विनोद असा सांगता येत नाही. एक जीभ कामाला जात होती, तीही घरी बसली.

घरी आल्यावर त्यानं पहिलं वाक्य जुळवलं ते असं: "ता... ई... नं... भाज... लं... मला." आणि हसला. ताईही हसली. त्या दिवसापासून तो त्याचा विनोदच झाला, एकमेव उरलेला. कुणी भेटायला आलं की तो ते वाक्य म्हणणार, ताई मान डोलावून "हो, माझंच चुकलं" म्हणणार, आणि मी चहा ठेवायला आत जाणार.

ताईनं यंत्राकडे बघणं सोडलं. बसवणाऱ्याला बोलावून नव्या बॅटऱ्या घातल्या तेव्हाही जिन्याखाली फिरकली नाही. वही माझ्या हातात दिली, म्हणाली, "तूच बघ आता. माझे डोळे गेले. मला यातलं काही कळत नाही." शेवटच्या पानावर त्या तारखेखाली तिच्या अक्षरात होतं: सेटिंग चुकलं, माझी चूक. भरदिवसा बाथरूमचा दिवा जळत असायचा. नळ ठिबकत असायचा. मी मुद्दाम रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवला. ती त्याच्या खालून गेली, एकदा वर पाहिलं, आणि पंखा तसाच सोडून निघून गेली. मला ते सोसवेना.

दीड महिन्यानं, एका दुपारी, वही काखेत मारून मी तिला हाताला धरून जिन्याखाली नेलं आणि त्या स्टुलावर बसवलं. म्हणाले, "ताई, तो आकडा मी बदलला होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"किती केला होतास?"

"पाच."

"उठवलं का नाहीस मला?"

मी तिच्या पायाशी बसले. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वाचला. "सत्त्याऐंशी," म्हणाली. "मला दिसतंय की." मग तिचा आवाज फुटला. "दीड महिना, अगं! दीड महिना मी या हातांकडे बघते आणि..." मला वाटलं, मारेल. मारावं, असंही वाटलं.

मी रडत उठले. "मी त्याला सांगते. आत्ता जाऊन सांगते."

"बंद कर," ती म्हणाली. दीड महिन्यांनी पहिल्यांदा. "खाली बस. त्याला एक अक्षर सांगायचं नाही."

"पण तो तुम्हालाच दोष देतो!"

"देऊ दे. मी बहीण आहे. माझ्यावर चिडला तर तोंड फिरवेल, संध्याकाळी विसरेल. तुझ्यावर चिडला तर तोंड कुठे फिरवणार तो? पाणी तुझ्या हातचं, घास तुझ्या हातचा, कूस तू बदलायचीस. याच हातानं आपली वाचा गेली, हे माहीत असताना त्यानं रोज त्याच हातून प्यायचं?" ती उठली आणि वही माझ्या काखेतून ओढून घेतली. "सांगून तू मोकळी होशील. ते मी होऊ देणार नाही. आणि त्या खोलीतला पंखा बंद कर, कुणी नाही तिथे."

'माझी चूक' लिहिलेलं ते पान तिनं खोडलं नाही. मी नंतर पाहिलं.

त्या संध्याकाळी त्याला पाणी पाजायला मी पलंगावर बसले होते. ताई दारात उभी राहून वहीत सहाचा आकडा लिहीत होती. त्यानं तिला पाहिलं, डोळे चमकले, आणि शब्द जुळवायला लागला. आम्ही दोघी थांबून राहिलो. "ता... ई... वी... स... म्ह... ण... जे?"

"वीस," ताई म्हणाली. "चुकलं रे बाबा माझं."

तो हसला. मी त्याच्या ओठांना पेला लावला, आणि तो प्यायला.